विषाचे माप

विषाची परीक्षा पाहू नये, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. व्यवहारात हा उपदेश शहाणपणाचा आहे, यात शंका नाही. परंतु समाजाचा संसार केवळ या उपदेशावर चालावयाचा नाही. रोज नवी द्रव्ये शेतात, कारखान्यात आणि स्वयंपाकघरात येऊन पडत असतात. त्यांतील तारक कोणते व मारक कोणते, हे कोणीतरी पाहिलेच पाहिजे. ज्या शास्त्राने ही परीक्षा आपल्या अंगावर घेतली त्याला विषशास्त्र म्हणतात. या शास्त्राच्या इतिहासातील एक पर्व, आणि त्या पर्वातील एका संशोधकाची हकीकत, मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

त्या संशोधकाचे नाव ब्रूस एम्स. इ. स. १९२८ मध्ये न्यूयॉर्क शहरी जन्मलेले हे जीवरसायनशास्त्रज्ञ २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात, वयाच्या ९५ व्या वर्षी, निवर्तले. त्यांच्या आयुष्याचा विशेष असा की, पूर्वार्धात ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले त्यांतल्याच पुष्कळांनी उत्तरार्धात त्यांना दूषणे दिली. आणि ज्यांनी आरंभी त्यांचा धसका घेतला होता ते रसायनांचे कारखानदार पुढे त्यांचेच दाखले देऊ लागले. एकाच माणसाच्या हातून दोन्ही पक्षांची शस्त्रे कशी घडली, हे समजून घेतले म्हणजे कीटकनाशके आणि कर्करोग यांविषयीचा वाद नेमका कशाचा आहे, याचा उलगडा होतो.

मंद विषाचा शोध

विषे दोन प्रकारची असतात. बचनागासारखे एक विष पोटात गेले की काही घटकांत आपला प्रताप दाखविते. अशा विषाला साक्षीदार लागत नाही. दुसरे विष मंद असते. ते आज शिरते आणि वीस-पंचवीस वर्षांनी गाठ होऊन वर येते. तोपर्यंत शिरल्याची आठवणही कोणाला राहत नाही. कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये या दुसऱ्या जातीची.

या मंद विषाचा पहिला माग लागला तो गरिबाच्या पोरांच्या अंगावर. इ. स. १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने असे दाखवून दिले की, लहानपणी धुराड्यांत शिरून ती साफ करणाऱ्यांना मोठेपणी वृषणकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि त्याचे कारण तेथे साचून राहणारी काजळी हे आहे. ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध व्हावयाला पुढे एकशे चाळीस वर्षे जावी लागली. इ. स. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या दोघा जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर महिनोगणती दगडी कोळशाचे डांबर चोळले आणि तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला. तेव्हापासून जनावरांवर प्रयोग करावयाचा आणि त्यावरून माणसाविषयी अनुमान काढावयाचे, हा या शास्त्राचा राजमार्ग होऊन बसला.

इतक्यात दुसरे महायुद्ध आले आणि त्याबरोबर डी. डी. टी. आले. हे द्रव्य १८७४ मध्येच तयार करण्यात आले होते, परंतु त्याने किडे मरतात हे १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधील पाउल म्यूलर याच्या ध्यानात आले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारी टायफसची साथ या पांढऱ्या भुकटीच्या साहाय्याने आटोक्यात आणली गेली, आणि १९४८ मध्ये म्यूलरला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९५३ मध्ये हिवतापनियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि भिंतींवर डी. डी. टी. फवारणारी माणसे खेड्यापाड्यांत फिरू लागली. या भुकटीने लक्षावधी जीव वाचविले, हे तिच्या शत्रूंनीही नाकारलेले नाही.

परंतु शंकेचे ढगही जमू लागले होते. १९५८ मध्ये अमेरिकेच्या कायद्यात डिलेनी या लोकप्रतिनिधीच्या नावाने ओळखले जाणारे कलम आले. माणसाला किंवा जनावराला ज्याने कर्करोग होतो असे कोणतेही द्रव्य खाद्यपदार्थांत मिसळणे निर्धोक मानू नये, असा त्याचा आशय होता. किती प्रमाणात, हा प्रश्नच त्याने विचारला नाही. कणभरही नको, असे त्याचे उत्तर होते. पुढे १९६२ मध्ये रेचेल कार्सन या विदुषीचा ‘सायलेंट स्प्रिंग’ हा ग्रंथ निघाला आणि कीटकनाशकांचा प्रश्न प्रयोगशाळेतून घराघरांत जाऊन पोहोचला. कार्सनबाई स्वतः त्या वेळी स्तनाच्या कर्करोगाने आजारी होत्या. १९६४ मध्ये त्या वारल्या.

जंतूंची साक्ष

आता अडचण अशी होती की, एका द्रव्याची परीक्षा घ्यावयाची तर शेकडो उंदीर पाळावयाचे, त्यांना दोन वर्षे ते द्रव्य खाऊ घालावयाचे, मग त्यांची शरीरे तपासावयाची. पैसा अतोनात लागे. बाजारात तर हजारो द्रव्ये आलेली. या गतीने हिशेब करता करता पिढ्या संपल्या असत्या.

एम्स यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट अशी की, १९६४ च्या सुमारास बटाट्याच्या वेफर्सचे एक पाकीट त्यांच्या हाती आले. त्यावरची घटकद्रव्यांची यादी वाचता वाचता त्यांच्या मनात आले की, ही द्रव्ये आपल्या शरीरातील जनुकांचे काय करीत असतील? ते त्या वेळी साल्मोनेला जातीच्या जंतूंचा अभ्यास करीत होते. १९६८ मध्ये ते कॅलिफोर्नियातील बर्कले येथील विद्यापीठात आले आणि तेथे त्यांनी ज्या युक्तीला पूर्णत्व दिले ती आज जगभर एम्स चाचणी म्हणून प्रसिद्ध आहे.

ही युक्ती समजावयास कठीण नाही. या जंतूंची एक पंगू जात घ्यावयाची. तिच्या एका जनुकात बिघाड असल्यामुळे हिस्टिडीन नावाचे आवश्यक द्रव्य तिला स्वतः तयार करता येत नाही; ते बाहेरून मिळाले तरच ती वाढते. असे कोट्यवधी जंतू हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या बशीत सोडावयाचे आणि त्यांच्यावर संशयित द्रव्य घालावयाचे. त्या द्रव्यात जनुके बदलण्याची शक्ती असेल तर काही जंतूंचा मूळचा बिघाड योगायोगाने दुरुस्त होतो, ते वाढू लागतात आणि दोन दिवसांत बशीत ठिपके उमटतात. ठिपके मोजले की झाले. एक खोच मात्र होती. पुष्कळशी द्रव्ये मुळात निरुपद्रवी असतात. आपले यकृत त्यांची मोडतोड करते तेव्हा ती घातक बनतात. जंतूला यकृत कोठून असणार? म्हणून एम्स यांनी घुशीच्या जातीच्या उंदराच्या यकृताचा अर्क त्याच बशीत मिसळला.

१९७३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निबंध प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये तीनशे द्रव्यांची परीक्षा झाली. त्यांतील ज्ञात कर्करोगकारक द्रव्यांपैकी सुमारे नव्वद टक्के या चाचणीत सापडली. वर्षांचे काम दिवसांवर आले. एम्स यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही; जो कोणी मागेल त्याला जंतू पाठवून दिले.

या चाचणीचा दरारा १९७७ मध्ये दिसून आला. मुलांच्या रात्रीच्या कपड्यांनी चटकन पेट घेऊ नये म्हणून अमेरिकेत त्यांना ट्रिस नावाचे द्रव्य लावीत असत. एम्स आणि आर्लीन ब्लम यांनी ते जनुकांना घातक असल्याचे जानेवारीत प्रसिद्ध केले आणि एप्रिलमध्ये त्या कपड्यांवर बंदी आली. (या ब्लमबाई म्हणजे १९७८ मध्ये अन्नपूर्णा शिखरावर महिलांची मोहीम नेणाऱ्या गिर्यारोहक त्याच.) केस रंगविण्याच्या द्रव्यांचीही अशीच झाडाझडती झाली. पर्यावरणवाद्यांना एम्स हे आपले सेनापती वाटू लागले.

कोबीच्या गड्ड्यातील कीटकनाशके

आणि येथे कथेला वळण लागते. चाचणी स्वस्त आणि सोपी असल्यामुळे लोकांनी वाटेल त्या पदार्थाची परीक्षा घेण्यास आरंभ केला. जपानमध्ये सुगिमुरा यांना करपलेल्या मासळीत जनुके बदलणारी द्रव्ये आढळली. भाज्यांत, मसाल्यांत, कॉफीत, जेथे पाहावे तेथे ठिपके उमटू लागले! कारखान्यात तयार झालेले द्रव्य तेवढे वाईट आणि निसर्गातले तेवढे चांगले, ही सोयीची विभागणी टिकेना.

एम्स यांनी याचे कारण असे सांगितले की, झाडाला पाय नाहीत. कीड आली तर त्याला पळता येत नाही, म्हणून ते स्वतःच विषे तयार करून आपले रक्षण करते. आपल्या फोडणीतल्या मोहरीचा उग्रपणा झाडाने आपल्या जिभेसाठी निर्माण केलेला नाही. तो किडीला हाकलण्यासाठी आहे. १९९० मध्ये लोइस गोल्ड यांच्यासमवेत लिहिलेल्या निबंधात त्यांनी हिशेब मांडला. अमेरिकन माणूस दिवसाकाठी अशी नैसर्गिक कीटकनाशके सुमारे दीड ग्रॅम खातो. फवारलेल्या औषधांचा अंश त्याच्या दहा हजारांशानेही भरत नाही. एका कोबीत अशी ४९ द्रव्ये आढळली होती. नैसर्गिक द्रव्यांपैकी अवघ्या ५२ द्रव्यांची तोवर जनावरांवर परीक्षा झाली होती आणि त्यांतील २७ द्रव्यांनी कर्करोग झाला होता. कृत्रिम द्रव्यांतही प्रमाण असेच निम्म्याच्या आसपास होते.

मग काय कोबी सोडावयाचा? एम्स यांचे म्हणणे नेमके उलट होते. प्रयोगात जनावरांना जितकी सोसेल तितकी जास्तीत जास्त मात्रा देतात. तिच्यामुळे पेशी मरतात, त्यांची जागा भरून काढण्यासाठी उरलेल्या भराभर विभागतात, आणि या घाईत चुका वाढतात. तेव्हा कर्करोग होतो तो पुष्कळदा द्रव्याच्या जातीमुळे नव्हे, मात्रेच्या अतिरेकामुळे. आपल्याकडे ‘अति तेथे माती’ म्हणतात तेच हे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस याने मात्रेवरच विष ठरते असे सांगितले होते. आणि युक्तीने योजलेले विषही औषध होते व अयुक्तीने दिलेले औषधही विष होते, हा विचार चरकसंहितेत त्याच्याही कितीतरी आधी आला आहे. शिवाय भाज्या व फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी असते, असे त्या वेळचे पुष्कळसे अभ्यास दाखवीत होते. कीटकनाशकांवर सरसकट बंदी घातली तर फळे-भाज्या महाग होतील, गरीब त्या कमी खाईल, आणि त्याचा कर्करोग वाढेल, ही एम्स यांची खरी चिंता होती.

आक्षेप आणि त्यांचे वजन

कार्सनबाईंच्या अनुयायांना हे बोलणे विश्वासघातासारखे वाटले. सॅम्युअल एपस्टाइन यांच्यासारख्या वैद्यांनी कडाडून विरोध केला. निसर्गात विष आहे म्हणून त्यात माणसाने आणखी भर घालावी, हे कोणते तर्कशास्त्र? मोहरी मी आपखुषीने खातो. फवाऱ्याचा अंश मला न विचारता माझ्या ताटात येतो. हा आक्षेप नीतीचा आहे, आणि तो आकड्यांनी खोडून निघत नाही.

दुसरा आक्षेप शास्त्राचा. एम्स चाचणी जनुकांवरील आघात ओळखते; इतर वाटांनी येणारा चोर तिला दिसत नाही. डी. डी. टी. या चाचणीत निर्दोष सुटते. परंतु बर्कलेच्या शेजारीच, ओकलंडच्या परिसरात, १९५९ ते १९६७ या काळात गरोदर असलेल्या हजारो स्त्रियांचे रक्त गोठवून ठेवलेले होते. बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले. ज्या मातांच्या रक्तात डी. डी. टी. चा एक विशिष्ट प्रकार सर्वांत अधिक होता, त्यांच्या मुलींना बावन्नाव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण जवळजवळ चौपट असल्याचे त्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. मात्रा किती, याबरोबरच ती कोणत्या वयात मिळाली, हा प्रश्न पुढे आला.

अमेरिकन कायद्याने अखेरीस दोन्ही पक्षांचे थोडेथोडे ऐकले. १९९३ मध्ये फिलिप लँड्रिगन यांच्या समितीने मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे दाखवून दिले. १९९६ च्या कायद्याने कीटकनाशकांच्या अंशापुरते डिलेनी कलम बाजूस सारले, म्हणजे ‘कणभरही नको’ हा हट्ट सोडला; आणि त्याचबरोबर मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा आणखी दहापट कडक करण्याची तरतूद केली.

कोष्टकातील विसरलेली ओळ

श्रोतेहो, येथवरचा इतिहास पुष्कळांना ठाऊक असतो. परंतु या वादाच्या गर्दीत एम्स यांच्याच लेखनातील एक गोष्ट मागे पडली, आणि आपल्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

१९८७ मध्ये एम्स, मॅगॉ आणि गोल्ड यांनी निरनिराळ्या धोक्यांचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. ज्या मात्रेने जवळजवळ निम्म्या उंदरांना आयुष्यात कर्करोग होतो, तिच्या शेकडा किती भाग माणसाला रोज मिळतो, हे त्यात मांडले होते. हा धोक्याचा प्रत्यक्ष आकडा नव्हे, तुलनेची फूटपट्टी आहे, असे त्यांनी बजावले होते. अन्नातून मिळणाऱ्या डी. डी. टी. चा आकडा होता ०.०००३. शेंगदाण्याच्या लोण्यातील बुरशीच्या विषाचा ०.०३, म्हणजे शंभरपट. पेलाभर द्राक्षासवाचा ४.७. हे आकडे भाषणांतून आणि लेखांतून गाजले.

त्याच कोष्टकात एथिलीन डायब्रोमाइड हे नाव दोनदा आले आहे. जमिनीतील कीड मारण्यासाठी आणि धान्याला व फळांना धुरी देण्यासाठी हे द्रव्य वापरीत. १९८४ मध्ये त्याचा अंश सापडला म्हणून अमेरिकेत दुकानांतली पिठाची पाकिटे काढून घ्यावी लागली आणि मोठा गहजब झाला. कोष्टकात अन्न खाणाऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या या द्रव्याचा आकडा आहे ०.०००४. आणि त्या द्रव्याशी अधिक संबंध येणाऱ्या कामगाराचा आकडा आहे १४०! म्हणजे ज्या मात्रेने निम्म्या उंदरांना कर्करोग होतो तिच्याहूनही अधिक. द्रव्य एकच, परंतु खाणारा आणि हाताळणारा यांत साडेतीन लाख पटींचे अंतर.

गहजब झाला तो ०.०००४ साठी. खाणारे अनेक असतात, वर्तमानपत्रे वाचतात, मते देतात. हाताळणारे थोडे असतात. आणि पुढे जेव्हा ‘एम्स सांगतात, भिण्याचे कारण नाही’ असे म्हटले जाऊ लागले, तेव्हाही खाणाऱ्याचीच ओळ वाचली गेली. भय दाखविणारे आणि भय घालविणारे असे दोन्ही पक्ष ताटाकडेच पाहत राहिले. एम्स यांनी मात्र कामाच्या जागेवरील मोठ्या मात्रांकडे लक्ष द्या, असे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

पुढील संशोधनाने हेच दाखविले. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून फवारणीचा परवाना असलेल्या पन्नास हजारांहून अधिक लोकांचा पाठपुरावा करण्यात आला. त्यांच्यात एकंदर कर्करोग इतरांहून कमीच, कारण ही माणसे तंबाखू कमी ओढतात. परंतु पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मात्र अधिक आढळला. २०१५ मध्ये कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लिंडेन हे कीटकनाशक माणसात निश्चित कर्करोगकारक ठरविले, मॅलॅथिऑन व डी. डी. टी. संभाव्य वर्गात घातले. लिंडेनविरुद्धची माणसांतील साक्ष शेतकामगारांच्या शरीरांनी दिली होती. पॉटच्या काळी ती धुराड्यातल्या पोरांनी दिली, आता फवारणाऱ्यांनी. मंद विषाची परीक्षा शेवटी कष्टकऱ्याच्या देहावरच होते, हा अडीचशे वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या अंगणात

आपल्या देशाला दोन्ही प्रकारच्या विषांनी धडे दिले आहेत. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेल्या गव्हाच्या पिठाने शंभरांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानातील आदिवासी खेड्यांत बुरशी आलेला मका खाऊन १०६ माणसे मेली. पहिले विष कारखान्याचे, दुसरे निव्वळ निसर्गाचे. बुरशीचे हे विष यकृताचा कर्करोगही करते. तेव्हा खवट, काळे पडलेले शेंगदाणे निवडून फेकणारी आपली आजी विषशास्त्राचा एक मोठा नियम पाळीत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि २०१७ साल. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. हे जलद विषाचे बळी होते, म्हणून ते दिसले, मोजले गेले. त्याच पंपाखालून गेलेल्या, दोन दिवस डोळे चुरचुरून बऱ्या झालेल्या माणसांचे वीस वर्षांनी काय होईल? कोणत्या मजुराने कोणत्या साली कोणते द्रव्य किती दिवस फवारले, याची वही आपण ठेवतो काय? आयोवात अशी वही होती, म्हणून तेथे प्रश्नाला उत्तर मिळाले. जेथे वहीच नाही तेथे मंद विष नेहमीच निर्दोष सुटते.

आपल्या शेतकऱ्याची भाषा या द्रव्यांना ‘औषध’ म्हणते. पिकाला औषध मारले, असे तो म्हणतो. त्याच खेड्यात ‘अमक्याने औषध घेतले’ या शब्दांनी काळजाचा ठोका चुकतो, हेही आपण जाणतो. एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात आणि दोन्ही खरे आहेत. पिकासाठी ते औषध आहे; ताटात उरलेला अंश, कायद्याच्या मर्यादेत असेल तर, बहुधा घाबरण्यासारखा नाही; आणि पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने वाऱ्याच्या तोंडी उभ्या असलेल्या माणसाला ते विष आहे.

एम्स यांनी जगाला विष मोजावयास शिकविले. मोजमाप कोणाच्या अंगावर करावयाचे, हे मात्र कोणतीही चाचणी सांगत नाही. ते समाजाने ठरवावयाचे असते. उद्या बाजारातून भाजी आणताना तिच्यावर काय फवारले असेल, अशी शंका आपल्या मनात आली तर ती जरूर येऊ द्यावी, भाजी स्वच्छ धुऊन घ्यावी आणि निःशंक मनाने खावी. मात्र तिच्यापाठोपाठ दुसरा प्रश्नही यावा, की ही फवारणी ज्याने केली त्याच्या हातांत मोजे होते काय? पहिला प्रश्न विचारणारे आपल्याकडे आता पुष्कळ झाले आहेत. दुसरा प्रश्न विचारणारे व्हावयाचे आहेत.